केईएमची शंभरी आणि लालबागचा डबा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

परळच्या केईएम म्हणजे किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालयाला शंभर वर्षं झाली, त्यानिमित्त आपण छापलेले लेख मी कापून वहीत चिकटवले आहेत. एकतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत शिकवलं, कात्रणं जपायची सवय सुटत नाही. लेख चांगले आहेत. डॉ. जीवराज मेहता आहेत, डॉ. सेन यांची हृदयाची शस्त्रक्रिया आहे, १९८६ चं टेस्ट ट्यूब बाळ आहे. जुन्या इमारतीचा फोटोही सुरेख. पण तीनदा वाचूनही मला त्यात कुठे डबा सापडला नाही. म्हणून हे पत्र. लांबेल थोडं. कापावंच लागलं तर मधला इतिहास कापा, तो तुमच्याकडे आहेच. शेवटचा भाग तेवढा राहू द्या.

माझा जन्म १९५३ चा, लालबागच्या चाळीतला. दहा बाय बाराची खोली. बाबा गिरणीत कार्डिंग खात्यात, आई खाणावळ चालवायची. जेवायला अकरा माणसं, सगळी संगमेश्वर तालुक्यातली, बायकामुलं गावाला ठेवून आलेली. गावकीची खोली आमच्याच मजल्यावर होती, तिथे ती झोपत, तीही पाळीपाळीनं. दिवसपाळीवाला उठून गेला की त्याच्या जागेवर रात्रपाळीवाला वळकटी सोडायचा. आमच्या दारातून केईएम चालत पंधरा मिनिटं. हे अंतर आमच्या घराचं नशीब होतं असं आई म्हणायची. चांगलं की वाईट ते तिनं कधी सांगितलं नाही.

गावात कुणी आजारी पडलं आणि रत्नागिरीला "मुंबईला न्या" म्हणाले, की रात्रीची एसटी, पहाटे परळ डेपो, आणि डेपोतून सरळ आमचं दार. गावची माणसं केईएम म्हणत नसत, 'केम' म्हणत. "केमात न्यायचा हाय," एवढंच सांगून पिशवी खाली ठेवायची. आई आधी चहा टाकायची, विचारपूस मागाहून. साडेसहाला बाबा किंवा खाणावळीतला एखादा माणूस पेशंटला घेऊन केसपेपरच्या खिडकीशी उभा. भरती करून घेतलं की आजारी माणसाला खाट मिळे आणि सोबतच्याला आमच्याकडे भिंतीलगत दोन हात जागा. आणि रोज दोन वेळा डबा.

डबा न्यायचं काम माझं. रुग्णालयात जेवण मिळत नसे असं नाही, मिळायचं. पण कोकणातल्या माणसाला तापातून उठताना पेज लागते, आणि पेजेबरोबर भाजलेल्या सुक्या बोंबलाचा तुकडा लागतो, आणि तो बोंबील वॉर्डात उघडला की काय होतं ते विचारू नका. एकदा एका सिस्टरनं नाकाला पदर लावून मला दाराबाहेर काढलं, आणि दुसऱ्या दिवशी हळूच विचारलं, "उद्या जास्तीचा आणशील का गं?" ती मालवणची निघाली.

सातवीत असताना, १९६५ साली, मी एक वही घातली. आईला लिहिता येत नव्हतं आणि कोण कुठल्या वॉर्डात याचा घोळ व्हायचा. एकदा पथ्याचा डबा भलत्याच माणसाला गेला आणि तिखट कालवण पोटाच्या पेशंटनं खाल्लं. त्यावर उपाय म्हणून वही. रकाने पट्टीनं आखले होते: नाव, गाव, वॉर्ड, खाट, डब्यात काय, कधी गेला. शेवटच्या रकान्यात मी तारीख लिहून पुढे 'गेला' एवढंच लिहीत असे. बरा होऊन गेला तरी 'गेला', आणि तसा गेला तरी 'गेला'. एका संध्याकाळी आईनं वाचून दाखवायला सांगितलं. चार ओळी ऐकल्या आणि म्हणाली, "जो घरी गेला त्याच्यापुढं 'घरी' लिव गो." तेव्हापासून तसं लिहिते. ती वही माझ्यासमोर आहे. १९६५ पासून १९८३ पर्यंत एकशे बारा नावं.

आता जरा इतिहासाकडे. बाबा नेहमी म्हणत, "हे आपल्या माणसांचं हॉस्पिटल." मला वाटायचं, फुकट म्हणून. शाळेत शिकवायला लागल्यावर एकदा स्वातंत्र्यदिनाचं भित्तिपत्रक करताना खरं कारण वाचलं, आणि ते तुमच्या लेखात एका ओळीत उरकलं आहे, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते. त्या काळी मुंबईत मोठं सरकारी मेडिकल कॉलेज एक, १८४५ चं ग्रँट मेडिकल, आणि त्याचं जे. जे. तिथे हिंदी, म्हणजे भारतीय, मुलगा डॉक्टर होऊ शकत होता, पण वरच्या जागा गोऱ्या अधिकाऱ्यांच्या सरकारी वैद्यकीय सेवेकडे. विलायतेत शिकून पदकं घेऊन आलात तरी वॉर्ड तुमच्या हाती येईलच असं नाही. शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या इस्टेटीच्या विश्वस्तांनी नव्या कॉलेजसाठी पैसा देताना अटच घातली: शिकवणारे सगळे हिंदी हवेत, आणि ते सरकारी नोकरीतले नकोत. पालिकेनं ती मान्य केली आणि १९२६ साली परळला एका आवारात कॉलेज आणि रुग्णालय उभं राहिलं. गंमत बघा. दारावर नाव सातव्या एडवर्ड बादशहाचं, इमारतीचा आराखडा गेटवे ऑफ इंडिया काढणाऱ्या जॉर्ज विटेटचा, आणि आत शिकवायला मात्र इंग्रज चालणार नाही!

पहिले डीन डॉ. जीवराज मेहता. मूळचे अमरेलीचे, लंडनला शिकलेले, गांधीजींचे डॉक्टर. १९४२ पर्यंत ते इथे होते, आणि मधल्या काळात स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगातही जाऊन आले. पुढे १९६० साली मुंबई राज्य फुटलं तेव्हा गुजरातचे पहिले मुख्यमंत्री हेच. संयुक्त महाराष्ट्रासाठी छातीवर गोळ्या झेललेल्या परळ-लालबागला त्या दिवशी काय वाटलं असेल, मी तेव्हा सात वर्षांची, मला आठवत नाही. आमच्या खाणावळीत कुणी त्यावर बोललं असेल तर ते मुलांसमोर बोलण्यासारखं नसणार.

डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी इथे मानवी हृदयाचं रोपण केलं ते मात्र मला लख्ख आठवतं. केपटाउनला बर्नार्ड यांनी जगात पहिल्यांदा केलं त्याला तीन महिनेही झाले नव्हते, आणि भारतातलं पहिलं रोपण आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर. पेशंट काही तासच जगला. पण त्या रात्री आमच्या पंगतीत जी चर्चा रंगली तशी पुढे कुठल्या निवडणुकीवरही रंगली नाही. दुसऱ्याचं काळीज बसवल्यावर तो माणूस बायकोला ओळखेल का, हा मुख्य प्रश्न. एकाचं म्हणणं, ओळखेल, पण माया राहणार नाही. बाबा म्हणाले, गिरणीत स्पिंडल बदललं म्हणून सूत बदलतं का? त्यावर सगळे गप्प झाले. देशात अवयवदानाचा कायदा यायला १९९४ साल उजाडलं. डॉ. सेन सव्वीस वर्षं आधी पोचले होते.

शिकवणारं रुग्णालय म्हणजे काय, हे मला कळलं ते बाबांमुळे. आणि हे मला तुमच्या वाचकांना जरा निवांत सांगायचं आहे, कारण बरीच माणसं अजून तक्रार करतात की "शिकाऊ पोरं येऊन तपासतात."

बाबा आणि केईएम एकाच वयाचे, १९२६ चे. कार्डिंग खात्यात कापूस पिंजला-विंचरला जातो, तिथे हवेत कापसाचं धुकं असतं. घरी आले की पापण्या पांढऱ्या. १९७० च्या आसपास त्यांना दम लागायला लागला. दर सोमवारी छाती आवळल्यासारखी व्हायची, संध्याकाळपर्यंत बोलवत नसे. बुधवार-गुरुवारी बरं. गिरणीतल्या डॉक्टरनं खोकल्याचं औषध दिलं. गल्लीतल्या डॉक्टरनं विडी सोडायला सांगितलं. बाबा विडी ओढतच नव्हते. मुकादमाचं निदान सगळ्यांत सोपं: रविवारी आराम केला की सोमवारी अंग चोरतो. दुर्दैव असं की हळूहळू घरात आम्हालाही तसंच वाटायला लागलं. आई रविवारी त्यांना चवळी, वाटाणे देईना, वाताचं म्हणून.

१९७८ साली एका सोमवारी ते जिन्यातच बसले. उचलून केईएमला नेलं, भरती केलं. दुसऱ्या दिवशी खाटेभोवती सात-आठ विद्यार्थी गोळा झाले, पांढरे कोट, कुणाचा आखूड, कुणाचा मोठ्या भावाचा असावा असा. मोठे डॉक्टर राउंडला यायचे होते. एका किडकिडीत मुलीनं बाबांच्या शेजारी बसून विचारायला सुरुवात केली. कामाला कधी लागलात, खातं कुठलं, पाळी कुठली, सुट्टी कधी. बाबा कंटाळले होते, एकेका शब्दात उत्तर देत होते. मग तिनं विचारलं, "सोमवारी जास्त होतं का?"

बाबा उठून बसले. आठ वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

मोठ्या डॉक्टरांनी नंतर तिलाच सांगायला लावलं, सगळ्यांसमोर, हे काय आहे आणि सोमवारीच का. बिसिनोसिस. कापसाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार, सुरुवातीला सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, पुढे रोजच. ती इंग्रजीत बोलत होती, पण "मंडे" हा शब्द बाबांना कळला. मला म्हणाले, "बघ, पुस्तकात आहे. मी अंग चोरत नव्हतो." नंतर कळलं की गिरण्यांतली धूळ आणि मुंबईची हवा यांचा अभ्यास केईएमच्या छातीविकार विभागात डॉ. एस. आर. कामत आणि त्यांचे सहकारी तेव्हा नेटानं करत होते. म्हणजे त्या मुलीला तो प्रश्न सुचला नव्हता, तिला तो शिकवला होता. गिरण्यांच्या मध्यात कॉलेज असण्याचा हा फायदा. बाबांची फुप्फुसं काही परत आली नाहीत, त्यांनी खातं बदलून घेतलं आणि १९९४ पर्यंत धापा टाकत जगले. पण त्या मंगळवारनंतर मुकादमाला त्यांनी कधी मान खाली घालून उत्तर दिलं नाही. तेव्हापासून शिकाऊ पोरं माझ्या खाटेभोवती जमली की मी सरकून जागा करते.

सिस्टरांबद्दल किती लिहू? अरुणा शानबाग यांचं नाव तुमच्या लेखात आहे, पण कोर्टाच्या निकालाच्या संदर्भात. त्या इथल्याच सिस्टर. २७ नोव्हेंबर १९७३ ला त्यांच्यावर हल्ला झाला, त्यातून त्या पुन्हा उठल्या नाहीत, आणि १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली बेचाळीस वर्षं वॉर्ड क्रमांक ४ लगतच्या छोट्या खोलीत. नर्सिंगच्या किती तुकड्या आल्या, शिकल्या, निवृत्त झाल्या, आणि प्रत्येक तुकडीनं त्यांना भरवलं, अंग पुसलं, कूस बदलली. खाट रिकामी व्हावी म्हणून त्यांना बाहेर हलवायचा विषय पालिकेत निघाला तेव्हा सिस्टरांनी तो हाणून पाडला. १९८८ साली आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा रात्री मी तिच्या खाटेखाली चटई टाकून असायची. एक सिस्टर ड्यूटी संपली तरी घरी न जाता वाटीत काहीतरी कुस्करून घेऊन निघालेली मी दोन-तीनदा पाहिली. मी विचारलं नाही. परळमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्यावर चहाच्या टपरीवर बोलत नसे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं दयामरणाचा अर्ज नाकारला, आणि निर्णय घ्यायचाच तर तो केईएमच्या माणसांनी घ्यायचा असं मानलं. तेव्हा शाळेच्या शिक्षकखोलीत आम्ही पेपर वाचत होतो. आमची शिपाईबाई, जिची बहीण तिथे आया होती, एवढंच म्हणाली, "मग काय, घरच्यांनाच विचारणार ना."

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत, अडीच लाख कामगार, पुढचं सगळं छापून झालेलं आहे. खाणावळीचं सांगते. अकराची सहा झाली, सहाची दोन. आई अन्नपूर्णा महिला मंडळातली होती. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून बँकेचं कर्ज मिळवून दिलं होतं, त्यातून आमचे मोठे टोप आणि स्टोव्ह आले होते. ते टोप आता उपडे. पण माणसं आजारी पडायची थांबत नाहीत, उलट उपाशी माणूस जास्त पडतो. पगार थांबला तशी कामगार विम्याच्या कार्डाची आशाही सुटली, आणि कामगार रुग्णालयात जाणारी माणसं केईएमच्या रांगेत आली. त्या वर्षी वहीत सगळ्यांत जास्त नावं आहेत. 'डब्यात काय' या रकान्यात मे महिन्यापासून एकच शब्द: पेज. बोंबील नाही. औषध बाहेरून आणायचं असलं की समाजसेवा विभागातल्या बाई पुअर बॉक्स फंडातून, म्हणजे गरीब पेशंटांसाठीच्या मदतपेटीतून, सोय करायच्या. बाबांच्या बरोबरीचा एक साचेवाला तिथून चिठ्ठी घेऊन बाहेर आला आणि पायरीवर बसून रडला. वीस वर्षं त्यानं गावच्या प्रत्येक वर्गणीत पाच रुपये टाकले होते.

१९८३ ला खाणावळ बंद झाली. वही तिथे थांबते.

त्यानंतर परळ बदललं हे मी तुम्हाला काय सांगणार. पण रुग्णालयांचं गाव म्हणून ते आहे तिथेच आहे. केईएम, शेजारी वाडियांची दोन, बाळंतिणींचं आणि मुलांचं, समोरच्या बाजूला १९४१ पासून टाटा, पलीकडे लशींचं हाफकिन. टॅक्सीवाल्याला "हॉस्पिटल" सांगितलं तर तो "कौनसा?" विचारतो. केईएममध्ये १८०० च्या वर खाटा आणि वर्षाला १८ लाखांच्या घरात बाह्यरुग्ण, हे आकडे सगळीकडे छापून आले आहेत. २०१७ च्या खंडेनवमीला मी झेंडूची फुलं घ्यायला निघाले होते, तेव्हा एलफिन्स्टनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली. २३ माणसं गेली. पोरं जखमींना खांद्यावर, हातगाडीवर घालून केईएमकडे पळत होती. पत्ता कुणाला विचारावा लागला नाही. करोनात तर काय, आपण घरात बसून थाळ्या वाजवल्या तेव्हा तिथली निवासी मुलं त्या प्लास्टिकच्या पोशाखात घामानं निथळत होती.

आता माझा मुद्दा. त्या १८ लाखांत एकटा येणारा किती? प्रत्येकाबरोबर एक माणूस असतो, आणि पेशंट भरती झाला की तो माणूस मागे उरतो. केसपेपर काढणारा, रक्ताची बाटली खाली-वर पोचवणारा, रिपोर्ट आणणारा, रात्री "अमुकचे नातेवाईक कोण?" अशी हाक आली की उठणारा. या माणसाशिवाय कुठलंही मोठं सरकारी किंवा पालिकेचं रुग्णालय एक दिवस चालायचं नाही. त्याला झोपायला आणि जेवायला कोण देत होतं? गिरणगाव देत होतं. आमच्यासारख्या शेकडो खोल्या, गावकीचे गाळे, खाणावळी. रुग्णालयाच्या नकाशात नसलेला तो एक वॉर्डच होता. त्याला ना डीन, ना बजेट.

तो वॉर्ड बंद झाला. आमची चाळ पाडली, तिच्या जागी टॉवर आला, मला सतराव्या मजल्यावर घर मिळालं. तक्रार नाही, संडास घरात आहे, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून केईएमची गच्ची दिसते. पण गेल्या श्रावणात माझ्या चुलतभावाचा मुलगा बायकोला घेऊन आला, तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती. डेपोतून पहाटे पाचला दारात. दारात म्हणजे फाटकावर. रखवालदाराचा इंटरकॉम: "मॅडम, गेस्ट है, कितने दिन?" आईला हा प्रश्न कुणी विचारला असता तर तिनं काय केलं असतं, मी विचार करत बसले. मी म्हटलं, आने दो. तिला भरती केल्यावर तो माझ्याकडे राहिला तेवीस दिवस. आठव्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. अतिशय सभ्य गृहस्थ. म्हणाले, "बाई, पाहुणे सात दिवसांच्या वर राहिले तर लेखी कळवायचं असतं, आणि ते लिफ्टमधून डबे, चटया नेतात, जरा बरं दिसत नाही." यांचे वडील आमच्याच खाणावळीत जेवत. मी काही बोलले नाही. लेखी कळवलं.

तेव्हा एका रात्री मी त्याच्यासाठी डबा घेऊन खाली गेले होते, साडेदहाची वेळ. आचार्य दोंदे मार्गाच्या फुटपाथवर माणसं झोपली होती. सोलापूरची, बीडची, बिहारची. एकानं एक्स-रेचं मोठं पाकीट उशाला घेतलं होतं, वाकू नये म्हणून खाली पुठ्ठा. एक बाई भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर डिस्चार्ज कार्ड, गाडी दुसऱ्या दिवशीची. पाऊस आला की सगळे उठून छज्ज्याखाली उभे. परळ-दादरमध्ये धर्मशाळा आहेत, दादरच्या गाडगेबाबांच्या नावाच्या धर्मशाळेनं कॅन्सरच्या पेशंटांसाठी केलेलं काम मला ठाऊक आहे. पण गाडीतून उतरलेल्या प्रत्येकाला तिथे जागा मिळणं शक्य नाही. नवी इमारत बांधा म्हणावं तर जमीन, निविदा, पायाभरणी, आणि माझं वय बहात्तर.

म्हणून सांगते, बांधू नका. इमारती आहेत. मी शाळेत रुजू झाले १९८० साली, तेव्हा पहिलीच्या तीन तुकड्या होत्या आणि मुलं खिडकीत बसायची. २०११ ला निवृत्त झाले तेव्हा एक तुकडी, तीही अर्धी. परळ-लालबाग-शिवडी भागात पालिकेच्या मराठी शाळांचे वर्ग असे रिकामे होत गेले, ते का याच्यावर वेगळं पत्र लिहीन. कुलूप लावलेले वर्ग मी स्वतः पाहिले आहेत: बाकं एकावर एक रचलेली, फळ्यावर कुठल्यातरी जुन्या वर्षाचा सुविचार. शाळाही पालिकेची, केईएमही पालिकेचं. शंभरीच्या वर्षात यातले काही वर्ग संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत रुग्णांच्या नातेवाइकांना झोपायला उघडा. लागतं काय? एक रखवालदार, नळ, संडास, दिवा आणि एक रजिस्टर. केसपेपर दाखवायचा आणि आत यायचं. बायकांचा वर्ग वेगळा. सकाळी झाडून घ्यायचं, मुलं यायच्या आत.

हरकती मला माहीत आहेत, मीही शिक्षिका आहे. शाळा खराब होतील, रोगराई पसरेल, कोण कुठला माणूस. निवडणूक आली की याच वर्गांत दोन दिवस पोलीस आणि कर्मचारी झोपतात. २६ जुलै २००५ च्या पुरात माणसं शाळांच्या आसऱ्याला आली, तेव्हा कुणी ओळखपत्र मागितलं नाही. आणि रोगराईचं म्हणाल तर हीच माणसं सकाळी आपल्याच बसमध्ये आपल्या शेजारी उभी असतात.

आयुक्तांना मी हे लिहिलं आहे, पोच आली आहे. आपण छापलंत तर दुसरी पोच येईल.

परळमधली कुठलीही एक शाळा उघडा. रजिस्टरवर बसायला माणूस नाही ही सबब चालणार नाही, रोज सात ते दहा मी बसेन. गुडघे दुखतात, पण बसायचंच काम आहे. भावाच्या सुनेचं नाव मी जुन्या वहीत लिहून टाकलं आहे, १९८३ नंतरचं पहिलं. रकाने मला अजून पाठ आहेत: नाव, गाव, वॉर्ड, खाट, डब्यात काय, घरी कधी गेली.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
लालबाग, मुंबई

(नाव छापू नये, ही विनंती. सोसायटीत राहायचं आहे.)